हळदीच्या काट्यावरचे घोडे

“आता जे सांगून राहिलो ते कुनी खरं मानणार न्हाई. मानूबी नका,” पुनमचंद मिस्त्री म्हणाला. “मलाच खरं वाटत न्हाई, तर तुमाला कसं वाटंल? पन या दोन कानांनी ऐकल्यालं आहे. त्याला इलाज न्हाई.”

जळबाच्या हॉटेलातली बाकडी पुढे सरकली. एका ट्रक ड्रायव्हरचा भज्याकडे गेलेला हात थांबला. शेवाळ्याचे दोन शेतकरी होते, त्यांच्या ऑइल इंजिनाचं हेड समोरच्या गॅरेजात उघडं पडलं होतं. तेही वळून बसले. हेड आज मिळत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, निदान गोष्ट तरी मिळेल.

हिंगोलीत औंढा रस्त्याला एका बाजूला जळबाचं हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला पुनमचंदचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेली साखळी. त्या साखळीने आजवर शे-दोनशे इंजिनं उचलली असतील. पुनमचंद हजारावर सांगायचा. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने जमवलेलं एक ऑइल इंजिन असं काही ओढायला लागलं की शेतकऱ्याची विहीर आटली, शेजाऱ्याची आटली आणि संध्याकाळपर्यंत सिद्धेश्वर धरणाची पातळी बोटभर उतरली. वसमतहून निघालेल्या एका ट्रकचा तिसरा सिलिंडर चुकतोय, हे त्याने इथे लिंबाखाली बसून ओळखलं होतं. ट्रक दारात येऊन थांबला तेव्हा म्हणे पुनमचंद नवं नोझल हातात घेऊनच उभा.

यातलं निम्मं खोटं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण उरलेलं निम्मं खरं होतं आणि ते त्याच्या कानात होतं. कळमनुरीपासून सेनगावपर्यंतची माणसं इंजिन उघडायच्या आधी त्याला नुसतं ऐकायला नेत. तो उभा राही, मान जरा कलती करी आणि सांगे, “दुसऱ्याचा व्हॉल्व्ह बसत न्हाई.” उघडून बघावं तर तसंच. म्हणून त्याला कानाचा उस्ताद म्हणत. त्याच्याहून स्वस्त मिस्त्री गावात पुष्कळ होते. कान मात्र एकट्याचा होता.

त्याच्या तांड्यावर गोष्ट सांगायची एक रीत आहे. सांगणारा एकटा सांगत नाही, समोर एक जण हुंकार द्यायला बसतो. दर वाक्याला त्याने ‘हूं’ म्हणायचं. हूं आला की गोष्ट पुढे चालणार. नाही आला तर सांगणाऱ्याने थांबायचं आणि ओळखायचं की ऐकणारा झोपला, नाहीतर त्याने खोटं पकडलं. घरी हा हुंकार बायकोचा, पारुबाईचा. भाकरी थापता थापता ती ‘हूं’ म्हणायची आणि नवऱ्याची फेक फारच लांब गेली की हूं गिळून टाकायची. मग पुनमचंद मुकाट्याने मागे यायचा, धरणाचं पाणी होतं तेवढं परत भरायचा आणि दुसऱ्या वाटेने निघायचा.

पारुबाई गेल्या उन्हाळ्यात तापाने गेली. आता हुंकाराला तिचा भाऊ थावरा बसायचा. तो शिरड शहापूरकडच्या तांड्यावरून बाजाराला आला की जळबाकडे टेकायचा. गेला महिनाभर मात्र तो तोंड फुगवून होता. बाजारात मागून दिलेल्या हाकेला दाजी वळले नाहीत म्हणून, पण ते पुनमचंदला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं. आज थावरा आपण होऊन समोर येऊन बसला होता, आणि पुनमचंदची नजर त्याच्या पांढऱ्या दाढीवर होती. दाढी हलली की हूं आला, असं त्याने धरलं होतं.

“तर ती लाल गाडी,” पुनमचंद म्हणाला.

दाढी हलली.

आता ही गोष्ट पुनमचंदच्या तोंडून एक आहे आणि घडली तशी दुसरीच आहे. घडली ती आधी बघून घेऊ. तो तोवर चहा फुंकतोय.

गाडी भीमराज खिल्लारेंची. खिल्लारे पाटबंधाऱ्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सिद्धेश्वरच्या कालव्यात पट्टी धरून पाणी मोजण्यात त्यांची हयात गेली, आणि ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. त्यांची बायको जनकाबाई सांगायची, “मी वरण वाढले की हे वाटीत किती बोटं आलं ते बघतेत.” धरणाचं काम चालू होतं तेव्हा एका ठेकेदाराने दोन सीटची, बिनटपाची, तारेच्या चाकांची विलायती गाडी आणली होती. ती धरणाच्या भिंतीवरून धुरळा उडवत गेलेली शाळकरी भीमराजने पाहिली होती. पुढे ठेकेदार गेला, गाडी गोठ्यात कडब्याखाली पडून राहिली आणि दोन हजार दोन साली नातवाने ती भंगारात काढली. खिल्लारेंनी टेम्पोत घालून ती पुनमचंदच्या दारात आणून उतरवली. लाल रंग विटून विटेसारखा झाला होता. सीटमध्ये उंदरांच्या दोन-तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या.

“उस्ताद, पुस्तकात लिहिलंय पंचावन्न घोड्यांची ताकद,” खिल्लारे म्हणाले. “त्यातले आज किती जिवंत आहेत, एवढंच मला बघायचंय.”

“जिवंत करतो की, साहेब. पन चारा कोन घालणार?”

“पेट्रोल माझं.”

“मंग घोडे माझे,” पुनमचंद म्हणाला आणि बघणारे हसले. ते हसले हे त्याला त्यांच्या दातांवरून कळलं.

महिनाभर त्याने हाताचं काम हाताने केलं. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, पॉइंट साफ केले, प्लग बदलले, टायमिंग बल्ब लावून जमवलं. बोटांना सगळं पाठ होतं, ती आपली चालत राहिली. पूर्वी असं जुनं जनावर हाती आलं की त्याला भूक लागायची नाही, झोप यायची नाही. आता भूक लागायची, झोप यायची. इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा जळबा रस्ता ओलांडून टाळ्या वाजवत आला. पुनमचंदने हात पुसले आणि पाना जागेवर ठेवला.

मग राहिले कार्बोरेटर. या गाडीला ते दोन होते, नाकपुड्यांसारखे शेजारी शेजारी. दोन्हींनी हवा सारखी ओढली तर गाडी घोडा, एकीने कमी ओढली तर गाढव. सारखी ओढतात का हे बघायची पुनमचंदची तऱ्हा साधी होती. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं एका नाकपुडीच्या तोंडाशी. आत सुस्स असा आवाज येतो. मग दुसरीशी. दोन्ही सुस्स सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचे.

त्याने नळी डाव्या कानात घातली. काही नाही. उजव्यात घातली. कुठेतरी लांब कुणीतरी ज्वारी पाखडतंय असं वाटलं, आणि तेही खरंच वाटलं की आठवलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

हे नवीन नव्हतं. पारुबाईला उचललं त्या दिवशी अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांची तोंडं उघडत होती, छातीवर हात पडत होते आणि आवाज मात्र खोल विहिरीतून आल्यासारखा. दुःख असं येतं तर, असं त्याला वाटलं होतं. कानात कापूस भरल्यासारखं. चांगलंय, फार दुखत नाही. दिवस उलटतील तसा कापूस निघेल, म्हणून तो थांबला. तेरावा झाला, पेरण्या झाल्या, दिवाळी झाली. कापूस निघाला नाही, उलट आणखी दाबून भरला गेला. मागून ट्रक हॉर्न देत आला तर त्याला पायाखालच्या मातीतून कळायचं.

कान गेला, असं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. धंद्याची भीती होतीच. कान नसलेल्या कानाच्या उस्तादाकडे इंजिन घेऊन कोण येतो? पण स्वतःलाही त्याने ते सांगितलं नव्हतं, त्याचं कारण वेगळं होतं. कान गेला म्हणायचं, तर त्या दिवशीची ती शांतता कानाची होती. पारुबाईची नव्हती. आणि ती पारुबाईची नसेल, तर तिच्यासाठी त्याने केलं काय? डोळ्यातून तर टिपूस आलं नव्हतं. ती शांतता हेच त्याचं रडणं होतं, दुसरं त्याच्यापाशी नव्हतं.

म्हणून तो बोलत राहायचा. बोलत राहिलं की लोक ऐकत बसतात, विचारत नाहीत. उजव्या बाजूने, तोंडासमोर येऊन कुणी बोललं तर अर्धं कळायचं, उरलेलं ओठांवरून.

तर त्या दिवशी नळी कानात घालून त्याने डोळे मिटले. खिल्लारे गाडीत सुकाणू धरून बसले होते. पुनमचंदने मान कलती केली, जशी नेहमी करायचा तशी. “हां, ही डावी जरा जास्तच ओढून राहिली,” म्हणून एक स्क्रू पाव फेरा फिरवला. नळी इकडून तिकडे नेली. “आता ही रुसली. थांब बाई, तुझंबी ऐकतो.” दुसरा स्क्रू. मान डोलवली. “हां, आता बराबर. आता कसं गोड बोलून राहिली बघा, साहेब. दोघी बहिणी एका ताटात जेवून राहिल्या.”

त्याने डोळे उघडले तर इंजिनाचा पंखा उभा होता. पंख्याच्या एका पात्यावर माशी बसली होती, आणि ती बसून बराच वेळ झाला असावा, कारण ती निवांत पाय चोळत होती.

खिल्लारे त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर लिंबाकडे वळवली. मग परत त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा सुटा ठेवत म्हणाले, “पेट्रोल संपलं वाटतं, उस्ताद.”

“मी बंद करा म्हणणारच होतो,” पुनमचंद म्हणाला.

“व्हय. झालंच होतं काम.”

त्यानंतर खिल्लारे जे काही बोलले ते समोर येऊन बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोंढ्यातून हळदीची पोती तोलायचा काटा घेऊन आले. लोखंडी पाट असलेला, वर घड्याळासारखी मोठी तबकडी, आणि सगळा पिवळा झालेला. “कान तुमचा आहे, उस्ताद, त्यात वाद नाही,” ते म्हणाले. “पण मला खोड आहे. आकडा डोळ्याने बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही. तेवढी माझी हौस होऊ द्या.”

कालव्यावर इंजिनांची ताकद मोजायची एक जुनी युक्ती त्यांना ठाऊक होती. गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचलून काढून टाकलं. उघड्या पडलेल्या ब्रेकच्या ड्रमला बाभळीच्या दोन फळ्या दोन्हीकडून बोल्टांनी आवळल्या. त्यातल्या एका फळीचं टोक मीटरभर लांब ठेवून ते काट्याच्या पाटावर टेकवलं. इंजिन ड्रम फिरवणार, फळ्या त्याला अडवणार आणि ड्रम जेवढ्या जोराने फळीला ओढेल तेवढे किलो काट्यावर दिसणार. इंजिनाच्या फेऱ्या दाखवायला गाडीचं स्वतःचं मीटर होतं. फळ्या पेटू नयेत म्हणून जळबा घागर घेऊन पाणी ओतायला उभा राहिला.

गाडी गर्जली असणार, कारण लिंबावरचे कावळे उडाले. बाभळीतून वाफ निघाली, जळक्या लाकडाचा वास सुटला. फेऱ्या दोन हजारांवर धरून खिल्लारेंनी हात वर केला. काटा नऊ किलोवर थरथरत उभा राहिला.

खिल्लारेंनी खडू घेतला, पत्र्यावर गुणाकार मांडला. “बारा घोडे. या फेऱ्यांवर दुप्पट तरी पाहिजेत.”

“बाराच?” जळबा घागर खाली ठेवत म्हणाला. “उस्ताद, बाकीचे नरसीला दर्शनाला गेले का?”

“मोंढ्यातला काटा आहे तो,” पुनमचंद म्हणाला. “त्यानं कोनत्या शेतकऱ्याला कव्हा खरं सांगितलं, की मला सांगंल?”

रस्त्यावरची माणसं दात काढून हसली. खिल्लारेंनी पाच किलोचं माप पाटावर ठेवलं. काटा पाचावर गेला. त्यांनी माप उचलून घेतलं, पुनमचंदकडे बघितलंही नाही, आणि जनकाबाई जेवायला वाट बघत असेल म्हणून घरी गेले. काटा तिथेच राहिला.

पुनमचंद गाडीसमोर स्टुलावर बसून राहिला. लाज वाटायला हवी होती. ती येते का बघत तो थोडा वेळ थांबला, पण ती आली नाही. ऊन पत्र्यावरून खाली सरकलं. मग त्याची नजर पान्यांच्या पिशवीवर गेली. ती पारुबाईने शिवली होती, लाल-निळ्या टाक्यांची, कडेला कवड्या, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. तेलाने ती काळी पडली होती. एका कोपऱ्यात शिवण उसवून आतला कापूस डोकावत होता.

त्याने पिशवीतून एक लाल धागा ओढून काढला. टाके एकामागून एक सुटत गेले, एक फूल मोडलं. काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, एवढं कळलं. कापसाचा चिमूटभर पुंजका त्याने धाग्याच्या टोकाला बांधला, धागा काडीला बांधला, इंजिन चालू केलं आणि काडी आडवी धरून पुंजका डाव्या नाकपुडीसमोर सोडला. पुंजका आत ओढला गेला आणि धागा ताठ तिरपा झाला. उजवीसमोर धरला. पुंजका जेमतेम डुलला.

म्हणजे ‘दोघी बहिणी एका ताटात’ म्हणून त्याने एकीला उपाशी ठेवलं होतं.

तो स्क्रू फिरवत गेला आणि धागा बघत गेला. खिल्लारे जेवून परत आले तेव्हा पुनमचंद काडी धरून वाकलेला होता. काडी लपवायला वेळ मिळाला नाही. खिल्लारेंनी काडीकडे बघितलं, पुंजक्याकडे बघितलं, आणि गाडीत चढून बसले. जळबाला हाक मारून त्यांनी पाणी मागवलं आणि फेऱ्या वाढवल्या. काटा तेरावर गेला. पुनमचंदने एक स्क्रू केसभर आवळला, चौदा. टायमिंग किंचित पुढे घेतलं, सोळा. आणखी पुढे घेतलं तर उतरला, म्हणून मागे आणलं. शेवटी काटा सतरावर जाऊन बसला, आणि काही केल्या त्याच्या पुढे जाईना, मागेही येईना.

“तेवीस,” खिल्लारेंनी खडूने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. “दोन हजारांवर तेवीस. वयाच्या मानाने लई झाले, उस्ताद. बसा.”

त्यांनी त्याला शेजारी बसवून गाडी नरसीच्या रस्त्याला घातली. डोक्यावर टप नव्हता. वारा तोंडावर आदळत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता; पण ते वाऱ्याचं पाणी होतं. तुरीची शिवारं मागे पळत होती. रस्त्याच्या कडेची पोरं तोंड उघडून हात हलवत होती. खिल्लारे हसत होते, काहीतरी ओरडत होते, लहान लेकरासारखे सीटवर उसळत होते. पुनमचंदने पुढच्या पत्र्यावर तळहात टेकवला. इंजिन हाताला सारखं लागत होतं, एकही ठोका चुकत नव्हता. काम चांगलं झालं होतं. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्याने तेवढंच म्हटलं असतं. नरसीच्या फाट्याला त्यांनी गाडी वळवली आणि परत आले. एवढंच घडलं.

चहा संपला. पुनमचंदने बशी खाली ठेवली.

“मी नळी दिली फेकून,” तो सांगत होता. “म्हणलं, या कानाला नळी कायची? गाडीपासून पार त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो, पाठ करून. तिथून एकेक घोडा ऐकला. हा लंगडून राहिला, हा उपाशी, ह्याला नाल न्हाई. साहेब काटा बघून राहिले, मी इकडून आकडा सांगून राहिलो.”

दाढी हलली.

“सतरा म्हणलो, काट्यावर सतरा! साहेबानं काट्याला हात जोडले अन् मंग मला.”

ड्रायव्हर हसला. जळबा पातेल्याआडून बघत होता. त्या सतरापायी त्याने किती घागरी ओतल्या हे तो सांगू शकला असता, पण गोष्टीत पाय घालायचा नाही हे त्यालाही माहीत होतं.

“मंग गाडी नरसीच्या रस्त्याला सोडली. मैलाचे दगड असे जवळजवळ दिसून राहिले, की कुंपणच वाटावं.”

दाढी हलली. “हूं” तिच्यात कुठेतरी असणारच.

“अन् फाटा आला. फाट्यापासून पुढं गाडीनं आवाजच टाकला. इंजिन एवढं बराबर जमलं, की आवाज करायला त्याच्यापाशी कारनच उरलं न्हाई. एकदम गुमान.”

दाढी हलली.

“आता गाडीचा आवाज न्हाई म्हणल्यावर बाकी समदं ऐकू येऊन राहिलं. साहेबाच्या हातातलं घड्याळ. बांधावरून मुंगळा चालला, त्याचे पाय. तुरीच्या शेंगंत दाना भरून राहिला, त्याचा आवाज.”

दाढी हलली. ड्रायव्हर आता हसत नव्हता. शेवाळ्याचे दोघे पुनमचंदकडे बघायचं सोडून थावराच्या तोंडाकडे बघत होते. जळबाच्या हातातलं पातेलं तसंच अधांतरी होतं. सगळं हॉटेल कसं गप्प झालं असणार, पुनमचंदला वाटलं. गोष्टीने धरलं की माणसं अशीच होतात. पण या वेळी धरल्याचं सुख कुठे लागलं नाही. बोलणं तेवढं आपोआप पुढे जात राहिलं, उतारावरच्या बिनब्रेकच्या गाडीसारखं, आणि पुढे काय येणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

“अन् मंग,” तो म्हणाला, “मागं सीट न्हाई बरं का त्या गाडीला, दोनच सीटा. तरीबी मागून, इथं, या मानेपाशी, कुनीतरी ‘हूं’ म्हणलं.”

दाढी हलली.

“मी साहेबाला म्हणलो, तुमी म्हणले का? साहेब म्हणले न्हाई. अन् परत आला. हूं. मी वळखला. पंचवीस-तीस वर्सं ऐकल्याला हूं, वळखणार न्हाई का मी? भाकर थापता थापता म्हणायची तसाच. पारूचा हूं होता तो. फाट्यापासून हिंगोलीपर्यंत देऊन राहिली. मी बोलून राहिलो अन् ती हूं देऊन राहिली. या कानांनी ऐकला.”

दाढी थांबली.

पुनमचंदही थांबला. थावरा बाकड्यावरून उठला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे भरून आले होते, आणि ते का भरले हे पुनमचंदला कळेना. गोष्ट तर अजून रडायची नव्हती. थावरा बाकड्याला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आला. त्याने एक हात पुनमचंदच्या मानेवर ठेवला, दुसऱ्याने त्याचं पागोटं कानावरून वर सरकवलं आणि तोंड कानाला लावून एवढ्या जोराने ओरडला, की समोरच्या लिंबावरचे कावळे परत उडाले.

“खोटं, दाजी! साफ खोटं! माझ्या बहिनीचा हूं ऐकू आला म्हणता? गाडी फाट्याला लागली तव्हापासून मी हूं म्हणलोच न्हाई. तोंड बंद करून नुसती दाढी हालवून राहिलो, अन् तुमी सांगूनच राहिले!”